मूत्रपिंडाची नाडी

हेमलताबाईंनी मनगट छोट्या उशीवर ठेवलं. चिनी वैद्यकात भीतीचं घर म्हणजे मूत्रपिंड, आणि त्याची नाडी माझ्या अनामिकेखाली लागते. वर्षभर दर गुरुवारी ती नाडी थरथरत असायची. बाहेर गाडीत बसलेल्या त्यांच्या नवऱ्याने हॉर्न दिला, की बोटाखालून निसटायचीच.

आज मात्र ती संथ होती. "सुया लागू पडल्या म्हणायच्या," मी म्हणाले. त्या नुसत्या हसल्या. हॉर्नही अजून वाजला नव्हता.

"मिस्टर नाही आले?"

"झोपलेत."

"या वेळी?"

"काल दुपारी जेवले, तेव्हापासून."

मी बोटं उचलायला गेले. त्यांनी दुसरा हात वर ठेवून ती तिथेच दाबून धरली.

"डॉक्टर," त्या मायेने म्हणाल्या, "तुमचा हात का कापतोय?"