पुढची ओळ

फोन वाजला तेव्हा मधुकर स्तोत्राच्या मध्यावर आला होता.

गालिच्यावर पुस्तकाशेजारी पालथा ठेवलेला फोन त्यानं उलटा केला. नाव प्रकाशचं होतं. खोलीतल्या अठरा माणसांना ते दिसलं नाही, पण कळलं सगळ्यांना. प्रकाश हा मधुकरचा मेहुणा, आणि तो आत्ता रॅग्लनच्या किनाऱ्यावर पोलिसांबरोबर उभा होता. मधुकरचा एकुलता एक मुलगा यतीन पहाटे तिथून कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, घेऊन एकटाच मासे धरायला गेला होता. साडेनऊला कयाक सापडली, उलटी झालेली. यतीन सापडला नव्हता. आता सव्वाअकरा होत आले होते.

पोलिसांनी आईवडिलांना घरीच, फोनजवळ थांबायला सांगितलं होतं. रविवार असल्यामुळे परदेशातल्या या रोटोटुना वस्तीत मधुकरच्या घरी मराठी ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेला येऊन बसलीच होती. "आजची उपासना राहू द्या की," असं कुणीतरी हळूच म्हणून पाहिलं. पण मधुकर या मंडळीचा पुढारी. "उपासना होईल," एवढंच तो म्हणाला, आणि आज जे स्तोत्र ठरलेलं होतं तेच त्यानं काढलं.

नेमकं तेच यावं, याला काय म्हणायचं! देवाचं भय बाळगणाऱ्या, चारचौघांचा आधार असलेल्या माणसाचं, पवित्र शास्त्रातलं ते जुनं इब्री स्तोत्र. त्याच्या घरात काही कमी पडत नाही, अंधारात त्याच्यासाठी उजेड होतो, त्याची मुलं देशात बलवान होतात. मधुकर एकेक ओळ वाचायचा आणि बाकीचे ती त्याच्यामागून म्हणायचे. मुलांची ओळ आली तेव्हा बायकांचे आवाज फुटले. मधुकरचा फुटला नाही.

आता ओळ आली होती ती वाईट बातमीची. अशा माणसाला वाईट बातमीचं भय वाटत नाही, असं ती सांगत होती.

फोन गालिच्यावर थरथरत होता. मधुकरनं ओळ वाचली. मंडळींनी म्हटली. फोन थांबला.

लगेच पुन्हा वाजायला लागला. मधुकरनं पुन्हा तीच ओळ वाचली, आधीपेक्षा मोठ्यानं. मंडळी थोडी गोंधळली, पण मागून म्हणाली.

"विश्वास म्हणतात तो हा," सुलेखामावशी डोळे पुसत शेजारणीच्या कानात बोलल्या. मंडळीत वयानं सर्वांत मोठ्या त्याच.

फोन बंद झाला आणि तिसऱ्यांदा वाजला. मधुकरनं तिसऱ्यांदा तीच ओळ वाचायला घेतली. या खेपेला मागून म्हणणारे पाचसहाच उरले. बाकीचे फोनकडे बघत राहिले. प्रत्येकाला लाख वाटत होतं, कुणीतरी हात घालून उचलावा तो. पण पुढाऱ्याच्या पुढ्यातला फोन उचलणार कोण?

स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेली शकु उठली. यतीनचं लाइफजॅकेट गॅरेजमध्येच लटकताना पाहून आल्यापासून ती तिथेच बसून होती. ती माणसांमधून वाट काढत नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, फोन घ्या."

"स्तोत्र पुरं होऊ दे."

"कसं होणार पुरं? तुम्ही पुढच्या ओळीवर जातच नाही."

मधुकरनं मान वर केली नाही. "थांब जरा, शकु," तो म्हणाला. हा आवाज पुढाऱ्याचा नव्हता. त्यात निव्वळ गयावया होती.

"मला भीती वाटतेय," शकु सगळ्यांदेखत म्हणाली. "खूप वाटतेय. आणा इकडे. मी घेते."

तिनं वाकून फोन उचलला. "बोल, पक्या."

कुणी हललं नाही. शकु ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"कुठे?" ती म्हणाली. मग, "स्वतः बोलतोय का तो? दे त्याला. आधी त्याला दे."

आणि ती उभी होती तिथेच खाली बसली. एक बाई हुंदका देऊन रडायला लागली. शकुनं हातानंच तिला थांबवलं आणि फोन स्पीकरवर टाकून मधुकरच्या मांडीवर ठेवला.

"डॅड?" यतीनचे दात वाजत होते. "डॅड, आय'म ऑल गुड. फ्रीझिंग, बट ऑल गुड. सॉरी, हीप्स सॉरी. यू देअर?"

मधुकरनं फोन दोन्ही हातांत धरला. "आहेत रे, इथेच आहेत," शकुनंच उत्तर दिलं. "पलीकडच्या खडकांवर सापडला," तिनं मंडळींना सांगितलं. "चालतोय."

मग काय विचारता! कुणी देवाचे आभार मानत होतं, कुणी कुणाच्या गळ्यात पडत होतं. सगळ्यांच्या जिवात जीव आला. सुलेखामावशींनी येऊन मधुकरच्या डोक्यावर हात ठेवला.

"धन्य आहेस बाबा. पोटचं पोर समुद्रात, आणि तुझा आवाजसुद्धा कापला नाही. पुढारी असावा तर असा."

"आमेन," चारपाच जण म्हणाले.

मधुकरनं उठायचा प्रयत्न केला. पण तो पुन्हा खाली बसला.

"तसं नव्हतं ते, मावशी."

"मग कसं?"

त्यानं मावशींकडे पाहिलं नाही. शकुकडे पाहिलं.

"मी वाचत होतो ना, तोवर यतीन जिवंत होता."

या वेळी आमेन कुणी म्हणालं नाही. शकुनं डोळे पुसले आणि त्याला उठवायला हात पुढे केला.