चढ उणे दोन

"बघा, रेषा खाली आली," आलेखाचा कागद समाजमंदिराच्या भिंतीला चिकटवत वनपाल प्रवीणसाहेब म्हणाले. "हत्तींचा प्रश्न उतरणीला लागला."

गावानं टाळ्या वाजवल्या. काल दुपारी शेजारगावच्या मंडईच्या जत्रेला गेलेलं सगळं गाव रात्रभर नाटक बघून पहाटे ट्रॅक्टरमधून परतलं होतं. दिवसभर झोपून, तोंड धुऊन, थेट तीनच्या सभेला आलं होतं. अशा माणसांना चांगली बातमी लवकर पटते. साहेबांना तर आधीच पटली होती. त्यांच्या कचेरीत खाली येणारी कुठलीही रेषा शुभ मानायची रीत होती. तक्रारी खाली, वणवे खाली, वरचे साहेब खूश.

लटारूला मात्र टाळी वाजवावीशी वाटेना. त्याचं वर्षाचं धान कापून, पुंजण्यांचे ढीग रचून, जंगलाला लागून उभं होतं. मळणीचं यंत्र उद्या यायचं होतं. हत्तींना मळणी लागत नाही.

शिवाय तो दहावीला गणितात दोनदा नापास झालेला. म्हणजे रेषेचा चढ हा धडा पास झालेल्यांचा एकदाच झाला होता, लटारूचा तीनदा.

"साहेब, उभ्या रेघेवर काय लिवलं हाये?"

"गावापासून कळपाचं अंतर. किलोमीटरमध्ये."

"अन् आडव्या?"

"वेळ. लटारूभाऊ, हे जरा तांत्रिक असतं."

लटारू उठून भिंतीशी गेला. रेषेवरचे दोन बिंदू त्यानं दोन बोटांखाली धरले. सकाळी दहाला सोळा किलोमीटर. दुपारी दोनला आठ. चार घरं उजवीकडे, आठ घरं खाली. उणे आठ भागिले चार. गणितात उतरणीलाही चढच म्हणतात, फक्त पुढे उणे लावतात.

"चढ उणे दोन," तो म्हणाला.

"उणे म्हणजे कमीच झालं ना?" साहेबांनी गावाकडे बघत विचारलं.

"अंतर कमी झालं, साहेब. हत्ती नाई. तासाले दोन किलोमीटरनं आपल्याकडंच चालून राह्यले ते. दोन वाजता आठ उरले होते. सहाले इथी."

सभेची झोप उडाली. सरपंच रुखमाबाई पदर खोचून उठल्या.

"तीन तास हायेत हातात. सुकलू, डफडे काढ. बाकीचे पिपे घ्या, मशाली घ्या. अन् ते ट्रॅक्टर वावराकडं लावा. काऊन बसून राह्यले सारे?"

सतरंजी रिकामी होऊ लागली. साहेबांना कोणी विचारेना.

"बसा, बसा," साहेब हसून म्हणाले. "एवढं घाबरायचं काम नाही. हा आलेख आजचा नाहीच. कालचा आहे."

गाव हुश्श करून पुन्हा बसलं. रुखमाबाईंनी पदरानं घाम पुसला. कोणी तरी चहाचं बघायला उठलं. साहेबांना आणखी एकदा टाळ्या मिळाल्या.

लटारू तेवढा भिंतीशी उभा होता. त्याचं बोट रेषा संपली तिथून तसंच पुढे उतरत जाऊन सहाच्या घरावर थांबलं होतं.

"आज वावराकडं कोण जाऊन आलं?" त्यानं विचारलं.

एकही हात वर झाला नाही.