पडद्याखालची फट

सावी साक्ष द्यायला आली होती, पण तोंड उघडत नव्हती. कोर्टातल्या या खोलीत खेळणी होती, शेजारी आई होती आणि समोर साध्या साडीतल्या जजबाई होत्या. मुलं घाबरतात म्हणून त्यांनी आपला काळा झगा खुंटीला टांगला होता. पडद्यामागे तो शेजारचा माणूस बसला होता. त्याने सगळं ऐकायचं, पण पोरीच्या नजरेला पडायचं नाही, असा कायदाच होता.

पण पडदा जमिनीला टेकत नव्हता. खालच्या फटीतून त्याच्या तपकिरी चपला दिसत होत्या. आई पाण्याला गेली की याच चपला उंबऱ्यावर वाजायच्या.

"बोल गं माझे बाय," आई कानाशी म्हणाली. "नाही बोललीस तर सुटून पुन्हा शेजारीच राहायला येईल तो."

तेवढ्यात एक चप्पल हलली. सावीने पाय खुर्चीवर ओढून घेतले आणि आईच्या पदरात तोंड खुपसलं.

जजबाईंनी फटीकडे पाहिलं. "शेवंताबाई, पडदा आखूड कसा झाला?"

"पोर यायची म्हणून काल स्वच्छ धुतला, बाई. मेला आटला," शिपाईबाई ओशाळून म्हणाल्या.

जजबाई उठल्या. खुंटीवरचा झगा काढून, खाली वाकून त्यांनी तो फटीत नीट खोचला.

"अहो, मळेल ना तो."

"मळू दे. धुवायला मात्र तुमच्याकडे देणार नाही."

सावीने पदरातून एक डोळा बाहेर काढला. चपला दिसेनाशा झाल्या होत्या. तिने पाय हळूच खाली सोडले.

"आई पाण्याला गेली होती," ती म्हणाली, "तेव्हा..."