इशारा ऐकल्यावर

दारात हेरंब उभा होता, चप्पल न काढता. "ताई," एवढंच ऐकू आलं. पुढे भावाचे नुसते ओठ हलले आणि शर्वाणीच्या कानातलं यंत्र म्हणालं, "इशारा. पुढच्या बोलण्यात मृत्यू आहे. ऐकायचं?"

"नाही."

मालिकांवर गोष्टी लिहिणाऱ्या चाहत्यांच्या गटात गोष्टीत मृत्यू असेल तर आधी असा इशारा हवाच, म्हणून तीच भांडली होती. पुढे त्याचा नियम झाला आणि कानातल्या यंत्रांमधून तो सगळ्यांच्याच बोलण्याला लागला. "अगं, इशाऱ्यानेच शेवट फुटतो," असं कुणी म्हटलं की ती चिडायची.

सकाळी आई, बाबा आणि तिची मुलगी एकाच गाडीतून निघाले होते.

हेरंबने रडत पुन्हा तोंड उघडलं. यंत्राने पुन्हा विचारलं.

"नाही," ती म्हणाली. नाही म्हटलं की तिघंही गेल्यासारखी वाटत होती. पण हो म्हटलं की त्यांतलं कुणीतरी खरंच जाणार होतं.