पिशवीतलं गढूळ पाणी

हे लिहूच नये असं वाटत होतं. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. माणसं आमच्याच वाडीतली, उद्या त्यांना तोंड दाखवायचंय. पण डोक्यातनं जाईना, म्हणून लिहितोय.

पाणी परत गढूळ आलं होतं.

साळूबाईनं पिशवी उजेडाला धरली. रोज नवऱ्याच्या पोटातून निघणारं पाणी पिवळसर, पण नितळ असायचं. आज ताक मिसळल्यासारखं दिसत होतं.

"आवो, पोटात दुखतंय का?"

"जरासं," गेनबा म्हणाला. तिनं कपाळाला हात लावला तर चटकाच बसला.

गेनबाच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आधी पुण्याला मशीनवर रक्त धुवून बघितलं, पण त्याचं काळीज कमजोर, मशीन सोसेना. मग डॉक्टरांनी पोटात नळी बसवून दिली. घरीच पिशवीतलं औषधाचं पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी बाहेर काढायचं. त्याच्यासोबत रक्तातली घाण निघून जाते. हिर्डोशीच्या वर, जिथं यष्टीचा भरवसा नाही, तिथं हे म्हणजे देवच पावला. अट एकच, स्वच्छता. नळीत जंतू गेले की पाणी गढूळ आणि पोटात नुसती आग.

फोन गेला आणि सांजच्याला पोरगा कुमार पुण्याहून गाडी घेऊन हजर. सोबत त्याची पोरगी शेफाली. तसंच बापाला उचलून दवाखान्यात नेलं.

"मावशी, पिशवी बदलताना पंखा बंद असतो ना?" प्रेरणा सिस्टरनं विचारलं. साळूबाईला सगळं शिकवलं होतं ते तिनंच. "मास्क? हात?"

"समदं करते, बाई."

"मग दुसऱ्यांदा कसं झालं?"

साळूबाईच्या आधी कुमारच बोलला. "घरात शेळी बांधल्यावर काय व्हनार? आये, किती येळा सांगितलं तुला. आबांना मारतीस का काय?"

साळूबाईनं पदर तोंडाला लावला.

डॉक्टर म्हणाले, "आणखी एकदा झालं तर नळी काढावी लागेल. मग मशीनशिवाय इलाज नाही. आणि मशीन यांना झेपत नाही."

गेनबा बरा होईस्तोवर कुमार दवाखान्यातच खाटेखाली सतरंजी टाकून झोपला. शेफाली आजोबाला इडली भरवायची.

"आजोबा, तुमच्या पोटात नळ आहे?"

"व्हय तर. सकाळी सोडला की दूध येतं."

ती खिदळायची आणि गेनबा पोट धरून हसायचा. दुखत असलं तरी.

घरी आल्यावर साळूबाईनं पहिल्यांदा शेळी विकली. गाभण होती, तरी विकली. खोलीला चुना मारला. रोज फिनेलनं फरशी पुसायची, साबणानं हात घासायची. बोटांना भेगा पडल्या. तरी रात्रंदिवस एकच घोर, आपलं चुकतंय कुठं?

मग तिची नजर सावळारामवर गेली. गेनबाचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघांनी मिळून गुरं राखलेली. दुपारी यायचा, गेनबाच्या खाटेवरच बसायचा आणि तंबाखू मळायचा.

"भावजी, आजपास्नं उंबऱ्याभाईर बसा."

"का वो वैनी? म्या काय म्हस हाय व्हय?"

"म्हस बरी. ती तंबाखू न्हाई खात."

गेनबा खो खो हसला. सावळाराम मात्र उठलाच. "ऱ्हाऊ द्या. आमी फोनवर बोलू. फोनला काय जंतू नस्त्यात."

त्या दिवसापासून दोघांच्या गप्पा मोबाईलवर चालायच्या. पाणी नितळ येत राहिलं. साळूबाईला वाटलं, सापडलं एकदाचं.

भैरवनाथाची जत्रा तोंडावर आली. वाडीतल्या घराघरातली पोरं पुण्याहून यायला लागली. साळूबाईनं कुमारला फोन लावला, स्पीकरवर.

"आये, सुट्टी न्हाई. आबांच्या दुखण्यात समद्या संपल्या. आता बरे हायेत ना ते?"

"बरे हायेत. पानी कसं काचंवानी येतंय."

"मग झालं की. दिवाळीला बघू."

"शेफालीला तरी धाड रं..."

"कुणासंगं धाडू? आये, साहेब बोलावतोय, ठेवतो."

गेनबा खाटेवरून ऐकत होता. "त्याला काम हाय," म्हणाला. "तू नगं मागं लागू." आणि भिंतीकडं तोंड करून पडला.

जत्रेच्या आदल्या दिवशी साळूबाई देवळाकडं निघाली. मागणं एकच होतं. पाणी असंच राहू दे, ह्यांची नळी पोटातच राहू दे. अर्ध्या वाटेवर ध्यानात आलं, नारळ घरीच राहिला. ती माघारी फिरली.

घरात शिरायच्या आधी सवयीनं मोरीवर हात धुतले. खोलीचं दार लोटलेलं होतं, आतून गेनबाचा आवाज येत होता. झोपमोड तर झाली नाही ना, म्हणून तिनं फटीतून डोकावलं.

गेनबा जमिनीवर बसला होता. बंडी वर सरकवलेली. मोबाईल कान आणि खांद्याच्या मधे धरलेला. पोटावरच्या नळीचं टोपण काढून बाजूला ठेवलं होतं. त्यानं अंगठा भुईवर घासला आणि नळीच्या उघड्या तोंडावर सावकाश फिरवला.

"तू उगा चिडवू नगंस, सावळा," तो फोनवर सांगत होता. "जत्रंला माजा कुमार येनार म्हंजे येनार. पोरीला बी आननार. शब्द देतो तुला."