कोठाराच्या दारातला म्हातारा

चौथा तोफगोळाही मोकळ्या माळावर जाऊन पडला. धूळ उडाली, खाली बसली, आणि सान लाझारो गाव होतं तसंच राहिलं.

“एखादी भिंत तरी पाडू द्या,” तोफांवरचा गोबँ म्हणाला. “घरी, दिएपच्या बंदरात कळलं तर बायका हसतील आपल्याला.”

कप्तान तुसाँ मोरेलने होडी पाण्यात सोडायला सांगितलं. फ्रान्सच्या राजाचा परवाना खिशात घालून स्पॅनिश वसाहती लुटता लुटता त्याची दाढी पिकली होती. निघताना जहाजाच्या मालकीणबाईंनी बजावलं होतं, यंदा गुरांची कातडी भरून आणली नाहीस तर जहाज जावयाला देईन. जहाज गेलं तर मोरेलला उरणार काय? खाऱ्या वाऱ्याला सोकावलेलं अंग, आणि कुणी वाट न पाहणारं घर.

कातडी तर समोरच होती. धक्क्यावरच्या कोठारात गठ्ठे बांधून रचलेली. उग्र वास पार जहाजापर्यंत येत होता. आणि कोठाराच्या दारात गावप्रमुख डॉन बाल्तासार उभा होता. एकटा, पाय रोवून, हातात गंजकी तलवार. लांब झाडाखाली ठिगळांचे झगे घातलेल्या बायका गळा काढून रडत होत्या.

मागच्या टेकडीवर फासाचा खांब होता. फ्रेंचांना कातडी विकली म्हणून स्पॅनिश गव्हर्नरने बाल्तासारच्या धाकट्या भावाला तिथेच लटकवलं होतं. आता त्या खांबाखाली गव्हर्नरचा शिपाई घोड्यावर बसून बघत होता. गाव लढतं की नाही, तेवढं बघायचं त्याचं काम.

मोरेल होडीतून उतरला आणि वाळू तुडवत वर आला.

“बाजूला हो, म्हाताऱ्या.”

“चोराला वाट देणाऱ्यातला मी नव्हे.” आवाज टेकडीवर ऐकू जावा असा खणखणीत.

मोरेलने गावाच्या टोकाचं एक खोपटं पेटवायला लावलं. कोंबड्यांचं होतं ते. आत कोंबडी नव्हती. धूर थोडा वर गेला आणि वाऱ्याने विस्कटला.

बाल्तासारने धुराकडे पाहिलं, मग टेकडीकडे. शिपाई जागचा हलला नव्हता.

“एवढंच?” बाल्तासार म्हणाला. “माझी आजी चूल याहून मोठी पेटवायची.”

दोन-चार खलाशी खाली मान घालून हसले. मोरेलच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“ढकला त्याला आणि संपवा एकदाचं,” मागून गोबँ पुटपुटला. “जहाज भरलेलं आहे, खोल बसलंय. ओहोटी लागली तर इथेच रुतू.”

“ढकलून भागणार नाही,” मोरेल म्हणाला.

तो चिडला होता. नेमकी कुणावर, ते त्याला सांगता आलं नसतं. जहाजाच्या त्या मालकीणबाईवर, ओहोटीवर, टेकडीवरच्या त्या दगडासारख्या घोडेस्वारावर, की या हट्टी म्हाताऱ्यावर, जो सरळ दार सोडून जाऊ शकत होता आणि जात नव्हता.

“रक्त सांडल्याशिवाय मी हलणार नाही,” बाल्तासार ओरडला. मग हळूच, दोघांपुरतं म्हणाला, “उगाच वेळ काढू नकोस.”

“तुझं वय बघ.”

“ते मी बघतो. तू तलवार सांभाळ.”

मोरेलने डोळे मिटले नाहीत, एवढंच. वार डाव्या खांद्यावर बसला. पांढऱ्या सदऱ्यावर जास्वंद उमलावी तसं रक्त पसरत गेलं, आणि म्हातारा उंबऱ्यात कोसळला. झाडाखालचं रडणं एकदम थांबलं. त्या शांततेतून एकच किंकाळी आली, ती बाल्तासारच्या मुलीची, लेओनोरची. ती धावत सुटली.

टेकडीवरचा घोडा वळला. टापांची धूळ पलीकडच्या उतारावर दिसेनाशी झाली.

खलाशी दार फोडून आत घुसले. मोरेलने तलवार टाकली, गळ्यातला रुमाल सोडला आणि गुडघ्यांवर बसून जखमेवर घट्ट दाबून धरला.

“शिपाई गेला?” बाल्तासारने डोळे मिटूनच विचारलं.

“गेला.”

“मग रडतोस काय, तुसाँ? कातडीच्या बदल्यातलं कापड जहाजातून उतरवून घे. आणि लेओनोरच्या लग्नाचं रेशीम निळंच आणलंयस ना? गेल्या खेपेला हिरवं आणलं होतंस.”