डोंग्यावरची झारी

शालिकरामनं पत्र्याच्या डोंग्याच्या, त्या लहानशा होडीच्या, टोकाला बांबू उभा करून दोरीनं आवळला, तेव्हा त्याची बायको शामकला कमरेइतक्या पाण्यात उभी राहून शिंगाडे तोडत होती. तिनं मान वर करून एकदा पाहिलं आणि पुन्हा वेलात हात घातला. सकाळपासून डोंग्यात विहिरीच्या पाण्याची एक कॅन होती आणि तिच्यावरून तलावभर हशा पिकला होता.

"काऊन वो, तलावात पानी कमी पडून राहिलं का?" शेजारच्या डोंग्यातून धुरपताबाईनं विचारलं होतं. "घरून घेऊन आले!"

शामकलाला काही हसू आलं नव्हतं. शिंगाड्याचा हंगाम लागला की तिच्या हातापायांना, मानेला खाज सुटायची. कुजक्या वेलांचं ते पाणी अंगावर वाळलं की नखं थांबायची नाहीत. अर्जुनीच्या डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं होतं, तलावातून बाहेर आलं की लगेच चांगल्या पाण्यानं अंग धुवा, नाहीतर हे काम सोडा. चांगलं पाणी गावातल्या विहिरीला, आणि यांचे शिंगाडे तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला. डोंगा वल्हवत घरी पोचेपर्यंत अंग वाळून खडखडीत व्हायचं. म्हणून दिवाळीनंतर धाकट्या जावेनं तोडणीला यायचं आणि शामकलानं घरी चुलीपाशी बसून शिंगाडे उकडायचे, असं घरात ठरत आलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. चालायला लागली तेव्हापासून ती तलावात होती.

आणि काल शालिकराम बाजारातून एक तोटी, हातभर पाईप आणि झारीचं भोकाभोकांचं तोंड घेऊन आला. कशाला, ते बोलला नाही. सांगायची त्याला सवयच नव्हती.

"ये वर," तो आता म्हणाला.

शामकला चिखलानं भरलेल्या पायांनी डोंग्यात चढली. शिंगाड्याची पोती पाळीवर, तलावाच्या बांधावर, उतरवलेली, त्यामुळे डोंगा हलका होता. शालिकरामनं तोटी बसवलेली कॅन उचलून बांबूला टांगली, झारीचं तोंड लावलेला पाईप खाली सोडला.

"उभी राय याच्याखाली."

ती उभी राहिली. त्यानं तोटी फिरवायला हात वर केला, तसा डोंगा एका अंगाला कलला. ती सावरायला दुसरीकडे झुकली, तो तिला धरायला गेला, आणि दोघंही कॅनसकट तलावात पडली.

लांबून धुरपताबाईचं हसणं ऐकू आलं. शालिकराम वर आला तेव्हा त्याच्या डोक्यावर शिंगाड्याचा वेल लोंबत होता. बांबू मोडला होता. कॅन मात्र घट्ट झाकणामुळे तशीच भरलेली, पाण्यावर डुलत होती. त्यानं ती ओढून आणली, उपडा झालेला डोंगा सरळ केला, आत साचलेलं पाणी उपसलं. तिच्याकडे पाहिलंच नाही.

"नाही जमत," तो म्हणाला. "जाऊ दे. घरीच राय तू."

शामकला डोंग्याची कड धरून उभी होती. मग एकदम ती म्हणाली, "घरी कायले राहू? उभं राहाले कोनं सांगतलं होतं? मले खाली बसू द्या. कॅन त्या आडव्या पाटीवर ठेवा."

मग त्यानं कॅन डोंग्यातल्या आडव्या फळीवर ठेवली. ती डोंग्यात चढून तळाशी पाय पसरून बसली. डोंगा जागचा हलला नाही. त्यानं झारीचं तोंड तिच्या खांद्यावर धरलं आणि तोटी फिरवली.

पाणी आलं. गार, स्वच्छ, बारीक धारांचं. मानेवरून, दंडावरून उतरलं, पोटऱ्यांवरचा काळा चिखल घेऊन डोंग्याच्या तळाशी गेलं. शामकलानं बोटांच्या फटी धुतल्या, घोटे धुतले. जिथं जिथं आग व्हायची तिथं तिथं गार वाटत गेलं. तिचे डोळे आपोआप मिटले. किती वेळ ती तशीच बसली, तिला कळलं नाही.

मग तिनं त्याच्या हातातलं झारीचं तोंड घेतलं. "आता तुमी बसा."

"मले कायले? मले का होते?"

"बसा म्हनलं ना."

तो तिच्याकडे पाठ करून बसला. तिनं त्याचं चिकटलेलं बनियन वर ओढलं आणि तिचा हात थांबला. पाठभर लाल चट्टे होते. काही नवे, काही जुने, काळे पडलेले. हात पोचत नाही तिथं कशावर तरी घासून घासून कातडी सोललेली.

"हे कवापासून?"

"पयलेपासूनच हाये."

"मंग बोलले काऊन नाही?"

"तू बोलून राहिली होती ना," शालिकराम म्हणाला. "दोघायनं बोलून का होते?"

तिनं तोटी पुरती सोडली. पाणी त्या चट्ट्यांवरून वाहू लागलं आणि त्याचे ताठ खांदे हळूहळू खाली आले. धुरपताबाईचा डोंगा आता जवळ आला होता, पण कुणी हसत नव्हतं.

"कमी सोड," तो पुटपुटला. "संपून जाईन."

"संपू द्या," शामकला म्हणाली. "उद्या दोन कॅनी आनू."